वॉकर उभं राहून बोलायचे

आज १३ मार्च. २०२१ साली याच दिवशी फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींची कॉमेंट्री करणारे मरे वॉकर गेले, वयाच्या ९७ व्या वर्षी. दरवर्षी या तारखेला फॉर्म्युला वनवाले त्यांची आठवण काढतात आणि बहुतेक पोस्टमध्ये त्यांच्या गाजलेल्या चुकाच असतात. "गाडीला तसं काहीच झालेलं नाही, फक्त तिला आग लागलीये." "माझी फार मोठी चूक होत नसेल तर... हो, माझी फार मोठी चूक होतेय!" मीही हसतो, हसू यावं अशीच ती वाक्यं आहेत. पण चुका सांगून झाल्या की पोस्ट संपते आणि मला दरवेळी वाटतं, अरे, खरा माणूस तर राहूनच गेला. म्हणून यंदा लिहायला बसलोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझी त्यांची ओळख टीव्हीवर नाही झाली. मामेभावाकडे पुण्यात नवीन कॉम्प्युटर आला होता आणि त्यात 'फॉर्म्युला वन ९७' हा गेम होता. त्या गेममध्ये कॉमेंट्री वॉकर आणि त्यांचे जोडीदार मार्टिन ब्रंडल यांची. आम्ही दोघं मराठी माध्यमातले, त्या वेगाचं इंग्रजी कुठलं कळायला! कानावर यायचं ते "गो, गो, गो!" आणि ड्रायव्हरांची नावं. आजी आतल्या खोलीतून विचारायची, "काय झालं रे? कोण पडलं?" आमचं गाव खेड तालुक्यात. बैलगाडा शर्यतीच्या घाटात भोंग्यावरून ओरडणारे निवेदक मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांचं "भिर्रर्र" कानावर पडलं की गाडा दिसायच्या आधीच पोटात गोळा यायचा. त्यामुळे वॉकरांचा आवाज मला कधी परका वाटलाच नाही. शर्यतीतल्या माणसाचा आवाज होता तो.

पुढे इंग्रजी जरा बरं झालं आणि जुन्या शर्यती इंटरनेटवर सापडायला लागल्या. तेव्हा कळलं की हा माणूस कुठून कुठून आलाय. जन्म १९२३ चा, बर्मिंगहॅमचा. वडील ग्रॅहम वॉकर नावाजलेले मोटरसायकल शर्यतपटू, १९३१ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरची लाइटवेट टीटी ही मोटरसायकल शर्यत जिंकलेले. दुसऱ्या महायुद्धात मुलगा रणगाड्यावर कमांडर होता. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये शेल्स्ली वॉल्शच्या चढावाच्या शर्यतीत पहिल्यांदा माइक हातात आला आणि पुढच्याच वर्षी बीबीसी रेडिओवर ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे तिथली मोठी मोटार शर्यत. नंतर बापलेक मिळून मोटरसायकलच्या शर्यतींची कॉमेंट्री करायचे, १९६२ मध्ये वडील जाईपर्यंत.

आणि हे सगळं नोकरी सांभाळून! पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा. पोपटासारख्या त्या छोट्या बजी पक्ष्यांच्या खाद्याची ओळ त्यांचीच होती: एकटा बजी म्हणजे एकाकी बजी. म्हणजे लोकांनी दुसरा पक्षीही घ्यावा आणि खाद्यही दुप्पट खपावं. १९७८ पासून बीबीसीवर फॉर्म्युला वन नियमित दिसायला लागलं, तेव्हाही आठवडाभर ते ऑफिसातच असायचे. नोकरी सोडली ती १९८२ मध्ये, ५९ व्या वर्षी. आपल्याकडे ज्या वयात लोक पेन्शनचे कागद गोळा करतात, त्या वयात या माणसाचं खरं काम सुरू झालं.

आता चुकांकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. एका संघाच्या दोन गाड्या दिसायला सारख्याच. ताशी २५०-३०० किलोमीटरने त्या समोरून जातात. नंबर वाचायला वेळ नसतो, हेल्मेटच्या रंगावरून ओळखायचं. आज स्क्रीनच्या कडेला प्रत्येकाचं स्थान, अंतर, टायरचा प्रकार सगळं लिहून येतं. वॉकरांच्या सुरुवातीच्या काळात यातलं काही नव्हतं. लांबच्या देशातल्या कित्येक शर्यतींना तर बीबीसी त्यांना पाठवायचीही नाही. लंडनच्या स्टुडिओत एका छोट्या मॉनिटरकडे बघत बोलायचं. पाऊस पडतोय, धुकं झालंय, चित्र हलतंय, आणि लाखो लोक तुमच्या आवाजाच्या भरवशावर बसलेत.

अशा वेळी दोनच मार्ग असतात. दोन सेकंद थांबून, खात्री करून बोलायचं, किंवा डोळ्यांना दिसलं त्या क्षणी बोलायचं. वॉकर दुसऱ्या मार्गाचे. खुर्ची असूनही ते उभं राहून कॉमेंट्री करायचे. घरी बसलेल्या प्रेक्षकाला जे ज्या क्षणी दिसलं, तेच त्याच क्षणी त्यांनाही दिसत होतं आणि ते लपवत नव्हते. चूक झाली की लगेच, त्याच श्वासात, "चुकलं माझं" म्हणून मोकळे. ते स्वतःच म्हणायचे की मी चुका करत नाही, मी भाकितं करतो आणि ती लगेच खोटी ठरतात. याला लोक वेंधळेपणा म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो. शर्यतीच्या आधी गराजा-गराजात फिरून, मेकॅनिकांशी बोलून, प्रत्येक ड्रायव्हरची टिपणं स्वतःच्या हाताने काढणारा माणूस वेंधळा कसा?

जेम्स हंटबरोबर कॉमेंट्री केलेली त्यांची १३ वर्षं तर वेगळ्या पोस्टचा विषय आहे. हंट १९७६ चा जगज्जेता, बेफिकीर, वाट्टेल ते बोलणारा, कधी अनवाणीच येणारा. वॉकर त्याच्याहून २४ वर्षांनी मोठे, शिस्तीतले. दोघांना मिळून एकच माइक दिलेला असायचा, एकमेकांवर बोलू नयेत म्हणून. १९८९ च्या मोनॅकोच्या शर्यतीत वॉकर मोठ्या आदराने सांगत होते की रेने आर्नू मागे का पडतोय, तर टर्बो इंजिनाच्या गाड्यांची सवय असल्याने या नव्या गाड्या त्याला जमत नाहीयेत, असं तो स्वतःच म्हणतो. त्यावर हंटने थेट प्रक्षेपणात एक शिवी हासडली. ती शिवी सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण माझ्या लक्षात राहतं ते वॉकरांचं आधीचं वाक्य. शेवटून येणाऱ्या ड्रायव्हरचीही बाजू सांगायची, ही त्यांची रीत. कुठल्याही ड्रायव्हरचा पाणउतारा केलेला मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. १३ जून १९९३ ला दोघांनी कॅनडाची शर्यत सांगितली आणि १५ जूनला हंट हृदयविकाराने गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी.

पुढच्याच वर्षी १ मे ला इटलीतली इमोलाची शर्यत. आदल्या दिवशी रोलंड रॅट्झनबर्गर हा ड्रायव्हर अपघातात गेलेला आणि रविवारी ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना. प्रक्षेपण चालू होतं, वॉकर माइकवर होते. सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याचं अख्खं आयुष्य या खेळात गेलं, त्याला समोर काय चाललंय हे कळत असूनही तोल सांभाळून बोलत राहायचं होतं. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द वाया घालवला नाही. चुका मोजणाऱ्यांनी ती कॉमेंट्री एकदा ऐकावी. मी ती दोनदाच ऐकली, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

आणि मग १९९६, जपानमधलं सुझुका. डेमन हिल जगज्जेता होणार होता. त्याचे वडील ग्रॅहम हिल दोनदा जगज्जेते, १९७५ मध्ये विमान अपघातात गेलेले. तेव्हा डेमन १५ वर्षांचा होता. वॉकरांनी बापाच्या शर्यतीही पाहिल्या होत्या आणि आता मुलगा समोरून रेषा ओलांडत होता. ते म्हणाले, आता मला थांबावं लागेल, कारण माझा घसा दाटून आलाय. आणि खरंच थांबले. ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ते गप्प झाले. माझ्यासाठी खेळाच्या कॉमेंट्रीतला याहून मोठा क्षण नाही. मी हे लिहितानाही परत लावून ऐकलं आणि पुन्हा तेच झालं.

टीव्हीवरची त्यांची शेवटची ग्रां प्री ३० सप्टेंबर २००१ ची, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला. १९०९ मध्ये त्या ट्रॅकवर विटा बसवल्या होत्या, तीस लाखांहून जास्त. त्यातली एक मूळची वीट त्यांना निरोप म्हणून दिली. त्या ट्रॅकवर एकदाही शर्यतीत न उतरलेल्या माणसाला!

मामेभाऊ आता नाशिकला असतो. त्याला काल फोन केला, म्हटलं त्या गेमची सीडी आहे का रे? नाही म्हणाला, घर बदलताना गेली. पण फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "स्टार्टला ते काय ओरडायचे, एकदा म्हण ना." मी म्हटलं. पलीकडून त्याची मुलगी विचारत होती, "बाबा, कोण ओरडतंय?"

तुमच्यापैकी कोणाकडे तो गेम अजून असेल तर खाली कळवा. विकत नको, दोन दिवस द्या फक्त.