पापनिवेदन म्हणजे पैसे देऊन मिळणारी माफी नव्हे

दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी ग्रुपवर परवापासून एक मजकूर फिरतोय: ‘ख्रिस्ती लोक फादरला पैसे देतात, पाप माफ होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाप करायला मोकळे.’ मी वडोदऱ्यातला मराठी कॅथलिक. हे वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितो.

पापनिवेदन म्हणजे फादरपुढे आपल्या पापांची कबुली देऊन देवाची क्षमा मागणं. त्याला एक पैसाही लागत नाही. मध्ययुगीन युरोपात दंडमुक्तीच्या, म्हणजे पापाच्या शिक्षेत चर्चने दिलेल्या सवलतीच्या, नावाखाली पैसे उकळले गेले, हे खरं आहे. पण ती वेगळी गोष्ट होती, आणि पैशांशी जोडलेल्या त्या सवलती पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्येच रद्द केल्या.

‘पुन्हा मोकळे’ हे तर साफ चूक. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर फादरनी क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते पोकळच. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही; मुद्दाम फोडलं तर ते आपोआप धर्मबहिष्कृत होतात. (प्रोटेस्टंट बांधव बहुधा थेट देवापुढेच कबुली देतात.)

वर्षातून एकदा गंभीर पापांची कबुली बंधनकारक आहे. मी मात्र दर महिन्याला जातो. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला होता. तेच पाप तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा सांगायची लाज वाटली, तेव्हा चर्चऐवजी आधी रावपुऱ्यात त्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.