पकड बदलण्याआधी चेंडू बदला

सात-आठ वर्षांच्या मुलाला फोरहँडसाठी आधी ईस्टर्न ग्रिप (पकड) शिकवावी की थेट सेमी-वेस्टर्न, यावर आपल्याकडचे टेनिस-पालक हिरीरीने भांडतात. एक गट फेडररचा दाखला देतो, दुसरा अल्काराझचा. जर्मनीत राहून हा वाद ऐकताना जाणवतं, की त्यात चेंडूचा उल्लेखच नसतो.

रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात. रॅकेट आडवी पण कडेवर उभी (जाळी आकाशाकडे न ठेवता) धरली की मुठीची वरची बाजू पहिली. उजव्या हाताच्या मुलाने मुठीच्या टोकाकडून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचं. तर्जनीच्या मुळाचा सांधा तिसऱ्या बाजूवर आला की ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर पूर्ण वेस्टर्न. डावखुऱ्याने उलट मोजायचं. आता सव्वाचार फुटांच्या मुलापुढे पिवळा चेंडू हार्ड कोर्टवर टाका. तो खांद्याच्या वर उसळतो आणि तो परतवायला हात आपोआप मुठीखाली सरकतो. कोच ‘ग्रिप, ग्रिप’ ओरडत राहतो, पोरगं पुढच्याच चेंडूला परत पाचव्या बाजूवर. त्याचं तरी काय चुकलं?

म्हणूनच 2012 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने संथ चेंडू येतात: लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे 75 टक्के संथ, नारिंगी 50, हिरवा 25. लाल टप्प्याचं कोर्ट 11 मीटर लांब, नारिंगीचं 18. इथल्या क्लबांत हे मुकाट्याने पाळलं जातं. आपल्याकडे मात्र लाल चेंडू म्हणजे ‘बेबी टेनिस’, आणि पिवळ्यावर लवकर गेलेलं मूल हुशार!

इथे आणखी एक सोय आहे. उन्हाळ्यात लाल मातीवर चेंडू उंच उसळतो, हिवाळ्यात हॉलमधल्या कार्पेटवर तो घोट्याशी घसरतो. पूर्ण वेस्टर्नवाल्याचा फोरहँड तिथे फ्रेमला लागतो किंवा नेटमध्ये जातो. ग्रिपची मर्यादा मुलाला स्वतःलाच कळते. बालेवाडीसारख्या हार्ड कोर्टांवरच वाढणाऱ्या मुलासाठी कोचने मुद्दाम गुडघ्याखालचे चेंडू टाकायला हवेत.

पण इथलं सगळंच अनुकरणीय नाही. आठवड्यातून एक तास, चार मुलांचा गट. एकेकाची मूठ बघायला वेळ कुणाला? आपल्याकडे मुलं जवळजवळ रोज कोर्टवर असतात, आणि पकड दुरुस्त करायला तोच सराव लागतो.

दुरुस्ती स्पर्धा नसलेल्या चार-सहा आठवड्यांत करावी. तिसऱ्या-चौथ्या बाजूच्या कडेवर मार्करने ठिपका काढा. तर्जनी इतर बोटांपासून थोडी सुटी ठेवा. हातोडीसारखी मूठ आवळली की मनगट अडकतं. आधी मुलाने स्वतः टाकलेला चेंडू कंबरेच्या उंचीवर मारायचा, मग हाताने फेकलेला, शेवटी रॅकेटने दिलेला. प्रत्येक फटक्यानंतर डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून पकड नव्याने लावायची. रॅकेटही तपासा: आठ वर्षांच्या हातात 27 इंची असेल तर 25 इंची द्या. आणि सर्व्हिस याच फोरहँड पकडीने होत असेल, तर तिथे तर्जनीचा सांधा दुसऱ्या बाजूवर, म्हणजे कॉन्टिनेन्टलवर आणणं ईस्टर्न-सेमीवेस्टर्नच्या वादापेक्षा जास्त निकडीचं आहे.