तरंगफलन भिंतीवर शून्य असताना भिंत कणाला ढकलते कशी?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा आहे. डब्याची एक भिंत सावकाश बाहेर सरकवली की आत कोंडलेल्या कणाची ऊर्जा कमी होते, असं मी लेखात म्हटलं. पण अनंत उंचीच्या भिंतीवर (म्हणजे जी ओलांडायला अनंत ऊर्जा लागेल अशा भिंतीवर) तरंगफलन, म्हणजे कण कुठे सापडण्याची शक्यता किती हे ज्यावरून ठरतं ते फलन, शून्य असतं; म्हणजे कण तिथे सापडतच नाही. मग भिंत त्याच्याकडून ऊर्जा घेणार कशी? शिवाय डब्याच्या आत ऊर्जेचं सूत्र तेच राहतं, तर सरासरी ऊर्जा का बदलावी? ‘हे भौतिकशास्त्र नव्हे, गणिताचे खेळ आहेत’, हा तुमचा निष्कर्ष.

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

भिंत अनंत उंच आहे हे थोडा वेळ बाजूला ठेवा. तिची उंची कणाच्या ऊर्जेपेक्षा खूप मोठी, पण मर्यादित धरा. आता तरंगफलन भिंतीत किंचित शिरतं आणि भिंतीच्या तोंडाशी ते शून्य नसतं. तिथली संभाव्यतेची घनता (दर एकक लांबीमागे कण सापडण्याची शक्यता) भिंतीच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात असते. आणि भिंत कणावर जे सरासरी बल लावते ते म्हणजे उंची गुणिले हीच घनता! उंची दुप्पट केली की घनता निम्मी होते, गुणाकार आहे तिथेच राहतो. उंची अनंताकडे नेली की बल येतं: कणाच्या ऊर्जेची दुप्पट भागिले डब्याची लांबी. तरंगफलन भिंतीवर शून्य होतं हे खरं, पण त्याचा उतार शून्य होत नाही, आणि बल ठरतं ते त्या उताराच्या वर्गावरून. दोन भिंतींमध्ये आपटणाऱ्या साध्या चेंडूचं सरासरी बल काढलंत तरी हेच उत्तर मिळेल. मला स्वतःला हा मेळ फार सुंदर वाटतो.

दुसरा मुद्दा सूत्राचा. सूत्र तेच राहतं, पण सरासरी काढताना डब्याच्या ज्या टोकापर्यंत बेरीज करायची ते टोकच सरकतंय. सरकत्या टोकावर तरंगफलन प्रत्येक क्षणी शून्य राहायला हवं, या अटीमुळे बेरजेत टोकाची जादा पदं येतात. ती धरली की ऊर्जा घटण्याचा दर बरोबर बल गुणिले भिंतीचा वेग एवढा निघतो. म्हणजे ऊर्जा कुठे हरवत नाही, जो कोणी भिंत धरून आहे त्याच्याकडे ती जाते.

एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या भिंतीसाठी तर श्रोडिंजर समीकरणाची (तरंगफलन काळानुसार कसं बदलतं ते सांगणाऱ्या समीकरणाची) नेमकी उत्तरं डोशर आणि राइस यांनी १९६९ मध्ये दिली आहेत. त्यांत संभाव्यतेचा प्रवाह स्थिर भिंतीपाशी शून्य वेगाचा, सरकत्या भिंतीपाशी तिच्याच वेगाचा आणि मधे अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारा असतो.

‘सावकाश’ म्हणजे किती, हेही तुम्ही विचारलंत. १ नॅनोमीटर डब्यातला इलेक्ट्रॉन घ्या. त्याच्या सर्वांत खालच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी ऊर्जेच्या, अवस्थेची ऊर्जा सुमारे ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि तिच्याशी जुळणारा वेग सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. भिंतीचा वेग याच्या तुलनेत नगण्य असला की झालं. अशी भिंत २ नॅनोमीटरपर्यंत नेली तर कण खालच्याच अवस्थेत राहतो (बोर्न आणि फॉक यांचं १९२८ चं प्रमेय), ऊर्जा पावपट म्हणजे ०.०९४ होते आणि उरलेली ०.२८२ भिंतीला मिळते.

तुमचं म्हणणं एका बाबतीत मात्र तंतोतंत खरं आहे. तीच भिंत एका झटक्यात २ नॅनोमीटरवर नेली तर सरासरी ऊर्जा जराही बदलत नाही, कारण भिंतीला रेटायला कणाला वेळच मिळालेला नसतो. पण त्याची अवस्था आता नव्या डब्याची एकच अशी राहत नाही. नव्या डब्यात तो सर्वांत खालच्या अवस्थेत सापडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, दुसऱ्या अवस्थेत बरोबर ५० टक्के, आणि बाकीची वरच्या अवस्थांमध्ये वाटली जाते.