मुंजा, अलवंतीण आणि सरांची तक्रार

सर, नमस्कार.

भारतातल्या झपाटलेल्या जागांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. मोबाइलवर इतकं टाइप करायचं म्हणजे राग खराच असणार. मागून येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: राजस्थानातल्या भानगढच्या किल्ल्याबद्दल मी दिशाभूल केली आहे, दाभोलकरांच्या महाराष्ट्रात शिकल्यासवरलेल्या माणसाने भुतांचा बाजार मांडणं लाजिरवाणं आहे, आणि या गोष्टी आजीबरोबर गेल्या तेच बरं झालं.

पहिला मुद्दा कान धरून मान्य. 'सूर्यास्तानंतर आत जाऊ नका असं सरकारही सांगतं' हे वाक्य मी अशा थाटात टाकलं होतं, जणू पुरातत्त्व खात्याने भुताला रहिवासी दाखला दिलाय. तिथल्या फलकावर सूर्यास्त ते सूर्योदय प्रवेश बंद, एवढंच आहे, भुताचा उल्लेख नाही. असल्या स्मारकांना संध्याकाळी कुलूप लागतंच. त्यातून भानगढ सरिस्काच्या जंगलाजवळ, म्हणजे रात्री कुणी भेटलंच तर ते चार पायांचं असणार. गाव ओस पडण्यामागे 1783 चा दुष्काळ सांगतात. त्याला मी एक ओळ दिली नाही, आणि मांत्रिक व राणी रत्नावतीच्या दंतकथेला तीन परिच्छेद दिले. वाक्य काढलंय, दुष्काळ घातलाय.

तुमच्या बाजूचं आणखी एक उदाहरण मीच देतो. पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातलं बेगुनकोडर स्टेशन. पांढऱ्या साडीतली बाई रुळांवर दिसते आणि तिला पाहून स्टेशनमास्तर गेला, अशी हूल उठली आणि 1967 मध्ये स्टेशन बंद पडलं. पुन्हा उघडलं ते 2009 मध्ये. बाई कुणाला दिसली असेल नसेल, 42 वर्षं गाडी चुकली ती मात्र गावकऱ्यांची.

पण आजीबरोबर गेलं ते बरं झालं, हे मला पटत नाही.

आपल्याकडच्या भुतांची नावं एकदा सलग वाचून बघा. मुंज झाली आणि सोडमुंजेच्या आत पोरगा गेला, तो मुंजा, राहतो पिंपळावर. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. वंश नाही आणि जीव कशात तरी अडकलेला, तो समंध. पाण्यात ओढून नेतो तो गिऱ्हा. अहो, ही तर गावाची मयतांची वही आहे! किती बाया बाळंतपणात गेल्या असतील की त्यांच्यासाठी वेगळं नाव लागलं. त्या बायांची नोंद दुसरीकडे कुठे आहे? वंशावळीत बघा, अमक्याची पहिली बायको एवढंच सापडतं, तेही सापडलं तर.

कुलधराचंही तसंच. जैसलमेरजवळचं हे पालीवालांचं गाव दिवाण सालिमसिंगाच्या जाचाने एका रात्रीत रिकामं झालं आणि जाताना लोकांनी शाप दिला, ही कथा. अभ्यासक पाणी आटल्याचं सांगतात, कुणी भूकंपाचं. एका रात्रीत गाव उठलं नसेल, चला मान्य. पण दिवाण लोकांना पिळत होता ही आठवण शापाच्या गोष्टीनेच आजवर आणून सोडली आहे. शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, नारायणराव मारले गेले. वय अठरा. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर, आणि दादा त्यानंतर दहा वर्षं जगले. 'काका, मला वाचवा' कुणी अमावास्येला ऐकतं, कुणी पौर्णिमेला. भुताला तिथी कोण विचारतो! पण ती हाक पुण्याने अजून सोडलेली नाही.

आणि सगळीच भुतं घाबरवायला नसतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळात मी त्याला वाहिलेल्या चपला पाहिल्या आहेत. कातडी, करकरीत, माझे दोन्ही पाय एकीत मावतील एवढ्या. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, तो तिथे गावचा राखणदार आहे. रात्रभर गस्त घालतो, चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. आमची आजी सांगायची, चकवा लागला तर चालायचं थांब, उजाडेपर्यंत बसून राहा. डोंगरात अंधारात वाट चुकलेल्याला आज तुम्ही तरी दुसरं काय सांगाल?

आता दुसरा मुद्दा. याचं उत्तर देताना माझा आवाज खाली येतो. त्याच लेखाखाली एका ताईंनी विचारलं होतं: 'भावजय बाळंत झाल्यापासून झोपत नाही, बडबडते, बाळाला जवळ घेत नाही. घरचे अलवंतीण म्हणतात. कुणी जाणकार माहीत आहे का?' जाणकार म्हणजे देवऋषी, हे तुम्हाला सांगायला नको. मी ते दोन दिवस उशिरा वाचलं. बाळंतपणानंतरचा हा मानसिक आजार असू शकतो, आजच्या आज डॉक्टरकडे न्या, असं लगेच कळवलं. उत्तर आलेलं नाही.

2013 च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं. ही यादी मी आता लेखाच्या डोक्यावर टाकली आहे, राणी रत्नावतीच्याही वर. अलवंतिणीच्या परिच्छेदात तो आजारही आला. लेख मात्र काढणार नाही.

जाता जाता एक. तुम्ही सहज लिहून गेलात की तुमच्या गावातला मुंजाचा पिंपळ रस्तारुंदीत गेला आणि कुणाला काही झालं नाही. झालं नसणारच. पण तो मुलगा कुणाच्या घरातला होता, कशाने गेला, हे सांगणारं कुणी गावात अजून आहे का? असलं तर विचाराल?