कमी केलं म्हणजे कुठे गेलं?

"जागेअभावी काही साहित्य कमी केलं." जुने कागद जपणाऱ्या एका नावाजलेल्या संस्थेत आज मला मिळालेलं उत्तर. काय कमी केलं? माहीत नाही. कधी? "मागच्या कमिटीच्या वेळी." गेलं कुठे? त्यावर तिथला मुलगा नुसता हसला.

आमच्या आजोबांनी घरातले मोडी कागद त्यांना दिले होते. वाटणीपत्रं, साऱ्याच्या पावत्या, कुणाकुणाची कर्जखतं. लाल कापडात बांधलेली गाठोडी, प्रत्येकावर आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी. शिक्क्यासकट पोच आमच्याकडे आहे. त्यांच्या दाखल नोंदवहीत नोंदही आहे, आज पाहिली. शेऱ्याचा रकाना कोरा. म्हणजे कागदोपत्री ती गाठोडी अजून कपाटातच आहेत!

मान्य, सगळंच जपता येत नाही. वाळवी आहे, अनुदान रखडतं. काढा ना मग. पण काय काढलं, का काढलं, कुणी ठरवलं, कुणाला दिलं, एवढं लिहून ठेवायला कितीशी जागा लागते? सरकारी कचेऱ्यांना आपण उठताबसता शिव्या घालतो, पण तिथेसुद्धा 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ड' वर्गाचा वर्षभराचा असं ठरलेलं असतं, आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकणं, करायचं तर यादी करून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर १८९२ च्या आधीचा कागद नष्ट करायलाच मनाई आहे, पार कामातून गेलेला असेल तरच अपवाद. हा कायदा खासगी संस्थांना लागू नाही, ठाऊक आहे. लाज तरी लागू आहे ना?

आणि "मोडी आता वाचतंय कोण" हे तर मला ऐकवूच नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी धावाधाव झाली. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या दप्तरातल्या एका ओळीवर कुणाच्या तरी पोराचा दाखला अडू लागला. आजोबांच्या गाठोड्यांत अख्ख्या गावाची नावं होती हो.

त्या मुलाला मी काही बोललो नाही. तुटपुंज्या पगारावर तो एकटा तिथलं सगळं बघतो, वर चहाही पाजला बिचाऱ्याने. राग आहे तो ठराव न करता टेम्पो बोलावणाऱ्यांवर. अरे, एक पोस्टकार्ड टाकायचंत, 'तुमचं तुम्ही घेऊन जा' म्हणून. आमचा माळा रिकामाच होता.

लेखी अर्ज देऊन आलोय. तुमच्यापैकी कुणी घरचे कागद कुठे दिले असतील तर एकदा जाऊन बघून या, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.