शिमगा संपल्यावरचा तंबू

मे महिन्यातल्या लोकसंगीत महोत्सवाचं तिकीट काढलंत ना, तंबूच्या जागेसकट? छान. आता मधले दिवस वाया घालवू नका. खरी मजा वाट बघण्यात आहे. तिथे गेल्यावर नुसता घाम येतो.

सुरुवात तंबूपासून करा. तुमचे आजोबा काजूच्या हंगामात भट्टीजवळ झावळ्यांच्या खोपीत झोपायचे, पण त्याला कुणी कॅम्पिंग म्हटलं नाही, म्हणून ते फुकट होतं. तुम्ही चार माणसांचा तंबू मागवा. त्यात दोन माणसं आणि एक बॅग मावते, हे तो घरी आल्यावर कळेलच. फोंड्याच्या फ्लॅटमध्ये सोफा सरकवून हॉलमध्ये तो उभारून बघा. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा एक दोरी टीपॉयला, एक टीव्हीच्या कपाटाला आणि एक मुलाच्या सायकलला बांधा. मुलाला त्या दिवशी सायकल हवी असेल तर त्याला निसर्गाचं महत्त्व समजावून सांगा. पंखा बंद ठेवा, अनुभव खरा यायला हवा. दहा मिनिटांत निथळत बाहेर आलात तरी घरच्यांना 'एकदम हवेशीर' असंच सांगायचं. सकाळी सातचं ऊन नायलॉनवर पडलं की आत काय होतं, हा विषय आत्ता नको. ताडपत्री मात्र घ्या. मोसमी पाऊस जूनमध्ये येतो. वळीव तुमचं तिकीट बघून येत नाही.

आता संगीत. ते थोडक्यात उरकू.

घुमट हे वाद्य दिसल्यावर 'अय्या, मडकं!' म्हणू नका. ते मातीचंच असतं, पण मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं आणि मागचं लहान तोंड हाताने उघडझाप करत वाजवतात. आवाज घुमतो तो त्या हातामुळे. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने घोरपडीला अभय दिलं आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. एवढं पाठ करून तंबूबाहेर बसलात की बंगळुरूची मंडळी तुम्हालाच कलाकार समजतील. चतुर्थीला वाड्यावर घुमट आरती चालू असते तेव्हा तुम्ही फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालता, हे त्यांना कोण सांगणार?

फाल्गुनात रोमटामेळ, म्हणजे शिमग्याची ढोल-ताशांची मिरवणूक, 'ओस्सय ओस्सय' करत तुमच्या गाडीसमोरून गेली, तेव्हा काच वर करून तुम्ही ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडलीत. तेही बरोबरच. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात. उरलेलं ऐकायला आपण रीतसर पैसे भरले आहेत.

सांभाळायचं असेल तर आईला. तुम्ही पॉवर बँक, टॉर्च, डासांचं मलम अशी यादी करत असाल आणि ती तांदूळ निवडता निवडता धालो या बायकांच्या लोकनृत्याचं गाणं गुणगुणायला लागेल. 'आई, जरा हळू गो, ऐकू येत नाही' असं प्रेमाने सांगून फोनवरची महोत्सवाची झलक पुन्हा लावा. पौषात ती 'मला मांडावर सोड रे' म्हणाली होती; मांड म्हणजे धालो खेळायची जागा. तुम्हाला रात्री गाडी काढायचा कंटाळा आला, त्यात तुमची काही चूक नाही. मांडावर असतं काय? अंगणातल्या बायका, समोरासमोर दोन रांगा, कमरेत वाकून पुढे-मागे होत म्हटलेली गाणी. मनगटाला पट्टा नाही, खाण्याचे स्टॉल नाहीत, फोटोसाठी फलक नाही. तेच धालो मेमध्ये निवेदिकेसह आटोपशीर मिळतात, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद झाला की झोपायला मोकळे.

'मी पण येते' असं आई म्हणाली तर मात्र काहीही करून टाळा. तिकिटं संपली म्हणा, तिथे जमिनीवर झोपावं लागतं म्हणा. ती पहिल्या रांगेत बसेल, दुसऱ्याच ओळीला 'आमच्या मांडावर असं नाही म्हणत' असं मोठ्याने ऐकवेल, आणि गाणाऱ्या बायका गाणं थांबवून तिला विचारतील, 'मग कसं म्हणता, आई?'