फोटो प्रिंटर घरी घेण्याआधी कागदाचा आणि वापराचा विचार करा

घरी फोटो छापायला इंकजेट प्रिंटर घ्यावा का, असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. दर आठवड्याला निदान एक रंगीत पान छापणार का? उत्तर "बघू, लागेल तसं" असं आलं, तर घेऊ नका. हे यंत्र वापरात असेल तरच नीट राहतं. कपाटावर दोन-तीन महिने पडून राहिलेला प्रिंटर सुरू करायला जी शाई जाते, तेवढ्यात बरेच फोटो छापून झाले असते.

पैसे वाचतील म्हणूनही घेऊ नका. ठाण्यात नौपाड्यात, नवी मुंबईत वाशीत ज्या लॅबकडे मिनीलॅब मशीन आहे, तिथले ४×६ चे प्रिंट खऱ्या फोटोग्राफिक कागदावर, रसायनात धुऊन निघतात. हातात येतात तेव्हा कोरडे असतात आणि दोनशे फोटोंचा तिथला दर घरच्या छपाईला गाठता येत नाही. बारशाचा किंवा लग्नाचा अल्बम तिथेच करावा. घरच्या प्रिंटरची खरी किंमत वेगळीकडे आहे. आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून ए४ मॅट कागदावर काढायचा, चेहरा जरा काळवंडला वाटला तर उजळून पुन्हा काढायचा, कागद बदलून पाहायचा. हा हात फिरवण्याचा अधिकार लॅबमध्ये मिळत नाही. रात्री दहाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो लागतात, सकाळी फॉर्मला पासपोर्ट साइझ हवे असतात, तेही आहेच. ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४×६ च्या कागदावर बसतात, चार आडवे आणि दोन ओळी.

आता मॉडेल. दुकानात "टँकवाला" (बाटलीने शाई भरायच्या टाक्यांचा) म्हणून जो समोर ठेवतात, तो बहुधा चार रंगांचा ऑफिसचा प्रिंटर असतो. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि बाकीचे तीन रंग डायचे (विरघळलेल्या रंगाचे) असतात. पिगमेंटची काळी शाई साध्या कागदावर अक्षरांसाठी उत्तम, पण ग्लॉसी कागदावर ती नीट धरत नाही. म्हणून कागद ग्लॉसी निवडला की ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचा प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) काळी शाई बंद करतो आणि निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून काळा बनवतो. तो काळा तपकिरी किंवा हिरवट दिसतो, आणि लोकांना वाटतं प्रिंटरच खराब निघाला. फोटोच छापायचे असतील तर सहा रंगांचा घ्या. एप्सनच्या एल८०५० मध्ये फिकट निळा आणि फिकट गुलाबी जादा आहे, त्यामुळे त्वचेवर आणि आकाशात ठिपके दिसत नाहीत. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये जादा रंग आहेत लाल आणि करडा. कृष्णधवल फोटोला त्या करड्याचा फार उपयोग होतो, कारण राखाडी छटा तीन रंगांच्या मिश्रणातून काढावी लागली की ती कधी हिरव्याकडे, कधी जांभळ्याकडे झुकते.

दोघांच्या हेडमध्येही, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागातही, फरक आहे. एप्सनचं हेड पिझोचं, विजेच्या इशाऱ्यावर भिंत वाकवून थेंब ढकलतं. कॅनन आणि एचपीच्या घरगुती टँक प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने थेंब उडवतात. तापणाऱ्या हेडला शाईच थंड ठेवते, त्यामुळे टाकी रिकामी असताना छापत राहिलं तर ते हेड जळतं. पण कॅननच्या जी मालिकेत हेड वेगळं विकत मिळतं आणि घरी बदलता येतं. एप्सनचं हेड बदलणं म्हणजे सर्व्हिस सेंटरचं काम आणि मोठा खर्च. कुठलाही घ्या, शाई खालच्या रेघेपर्यंत गेली की त्याच दिवशी भरा. नळीत एकदा हवा शिरली की ती काढायला भरपूर शाई ओतावी लागते.

नोझल, म्हणजे हेडची शाई उडवणारी बारीक भोकं, बंद पडण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे भिंतीवरचं बटण. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं आणि शाई सुकत नाही. एक्स्टेंशन बोर्डचं बटण दाबून सगळं एकदम बंद करण्याची सवय असेल, तर हेड मध्येच उघडं राहू शकतं. छपाई चालू असताना वीज गेली तरी तेच होतं. वीज आली की प्रिंटर एकदा चालू करा, तो शांत होऊ द्या आणि मग त्याच्याच बटणाने बंद करा. एसीच्या झोताखाली किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात तर ठेवूच नका.

आठवड्याला साध्या कागदावर एक नोझल चेक (प्रत्येक रंगाच्या पायऱ्यांसारख्या रेघांचं चाचणीचं पान) काढा. त्याला शाई नगण्य लागते. फक्त काळ्या अक्षरांची पत्रं छापून भागत नाही, बाकीचे पाच रंग तसेच बसून राहतात. नोझल चेक वाचताना पिवळ्याकडे नीट बघा. पांढऱ्या कागदावर ट्यूबलाइटखाली पिवळ्या रेघेतली तुट जवळजवळ दिसतच नाही. मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला की तुटलेल्या पायऱ्या लगेच कळतात. पिवळा कमी पडला की चेहरे गुलाबी-जांभळे येतात आणि माणूस तासभर कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करत बसतो.

तुट दिसली तर हेड क्लीनिंग करा, पुन्हा चेक काढा. असं तीनदा करून फरक पडला नाही तर थांबा. निदान बारा तास प्रिंटर तसाच राहू द्या, म्हणजे सुकलेली शाई भिजून सैल होते आणि आत अडकलेले बुडबुडे विरतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा एकाच क्लीनिंगमध्ये काम होतं. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग करणारा माणूस फक्त टाकी रिकामी करत असतो. पॉवर क्लीनिंग (एकदम भरपूर शाई ओढून हेड धुणं) हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली असली पाहिजे, नाहीतर शाईऐवजी हवा ओढली जाते.

आता कागद. आपल्याकडे प्रिंटरइतकाच, किंबहुना जास्त, जीव कागदाला लावावा लागतो. खाडीकडे तोंड असलेला ऐरोलीचा फ्लॅट असो, नेरूळ असो की येऊरच्या पायथ्याची सोसायटी, जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते. फोटो कागदाला साधारण चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती ऐंशीच्या वर सहज जाते. उघडं पाकीट कपाटात ठेवलं की काही दिवसांत कागदाच्या कडा लाटांसारख्या उचलल्या जातात. ही उचललेली कड हेडला घासते आणि प्रिंटच्या दोन्ही टोकांना कडेपासून थोडं आत काळे ओरखडे येतात. लोक हेड पुसत बसतात, पण दोष कागदाचा असतो. दमट कागद दोन-दोन एकदम ओढले जातात तेही यामुळेच.

उपाय सोपा आहे. पाकीट झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आडवं, सपाट. छापायच्या वेळी लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. मागच्या ट्रेमध्ये कागद रात्रभर उभे ठेवू नका. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तर ट्रेवरचं झाकण न चुकता लावावं, तिथली धूळ रोलरवर बसते आणि कागद घसरायला लागतो. कड थोडी उचललेली असेल तर उलट्या बाजूने हलक्या हाताने वळवून सपाट करा. तरी घासत असेल तर ड्रायव्हरमध्ये किंवा मेंटेनन्समध्ये जाड कागदाचं सेटिंग चालू करा. हेड आणि कागद यांतलं अंतर वाढतं.

कागद घेताना नुसते जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) बघून फसू नका. १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी हा बहुधा कास्ट कोटेड असतो, म्हणजे साध्या कागदावर एका बाजूने चकचकीत थर. तो मागून ओलावा पितो आणि वळतो. आरसी (रेझिन कोटेड) कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो आपल्या पावसाळ्यात कितीतरी जास्त टिकाव धरतो. २६०-२७० जीएसएमचा आरसी ग्लॉसी किंवा सॅटिन घ्या आणि मोठा गठ्ठा घेऊ नका, वीस पानांचं पाकीट पुरे. टँक प्रिंटरमध्ये ए४ भरून फोटोला सगळे रंग मिळून साधारण एक मिलिलिटरच्या आसपास शाई जाते, त्यामुळे खर्च कागदाचाच जास्त असतो. म्हणूनच शाईत दोन पैसे वाचवायला लिटरच्या बाटलीतली सुटी शाई भरणं मला अजिबात पटत नाही. रंग बदलतात आणि कंपनीने त्या कागदासाठी दिलेलं रंगांचं प्रोफाइल (रंग जुळवणारी फाइल) लागू पडत नाही.

मॅट कागदाची छापायची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, जी बाजू चिकटते ती कोटिंगची. उलट्या बाजूला छापलं की शाई कागदात मुरून पसरते आणि फोटो फिका येतो.

सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडणं हे सगळ्यात मोठं काम. शाई किती टाकायची हे तिथूनच ठरतं. फोटो कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं तर प्रिंट फिका आणि दाणेदार येतो. फोटोशॉपमधून छापत असाल तर रंग सांभाळायचं काम एकानेच करायला हवं. फोटोशॉपकडे दिलं तर ड्रायव्हरमधलं रंग-दुरुस्तीचं सेटिंग बंद करा. दोघांनी मिळून केलं की सगळा फोटो गुलाबीकडे झुकतो. आणि प्रिंट काळा येतोय ही तक्रार बहुतेकदा स्क्रीनची असते. मोबाइल पूर्ण उजेडावर ठेवून फोटो बघितला तर कागद त्यापुढे अंधाराच दिसणार. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, मग फोटो ठरवा.

फाइल व्हॉट्सॲपवरून साधी मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. ४×६ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० लागतात, म्हणजे आकडा फार कमी नाही, पण दाबून लहान केल्यामुळे केसांवर आणि साडीच्या काठावर चौकटी उमटतात. मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ चा कागद ३:२, म्हणून आडव्या फोटोचा वरखालून मिळून अर्धा इंच कापला जातो. ग्रुप फोटोत पहिल्या रांगेचे पाय किंवा मागच्यांची डोकी जातात ती इथेच. आधी स्वतः क्रॉप करा, प्रिंटरवर सोडू नका.

प्रिंट निघाला की लगेच फ्रेममध्ये घालू नका. स्पर्शाला कोरडा लागला तरी आतलं द्रावण बाहेर पडायला दिवसभर लागतो, पावसाळ्यात दोन दिवस द्या. घाई केली तर काचेला आतून धुरकट थर येतो. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर दमट दिवसांत ग्लॉसी फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना कोटिंग निघतं. डायच्या शाईचा फोटो उघड्या हवेत उजेडाइतकाच हवेतल्या ओझोननेही उडतो. भिंतीवर लावायचा असेल तर काच घालूनच.

घेताना दुकानदाराला एक गोष्ट नक्की विचारा. वाया जाणारी शाई साठवणारा डबा घरी बदलता येतो की आतलं पॅड सर्व्हिस सेंटरला बदलावं लागतं? प्रत्येक क्लीनिंगची शाई तिथे जाते. बॉर्डरलेस (पांढरी कड न सोडता केलेल्या) छपाईत कागदाच्या कडेबाहेर उडणारी शाईही आतल्या पॅडमध्येच मुरते. ते भरल्याची नोंद झाली की प्रिंटर चक्क काम थांबवतो, टाक्या भरलेल्या असल्या तरी. डबा बदलता येणारं मॉडेल थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. आणि प्रत्येक फोटो बॉर्डरलेस काढू नका. फ्रेममध्ये जाणाऱ्या फोटोला तीन मिलिमीटरची पांढरी कड सोडली तरी ती माउंटखाली झाकली जाते.